समितीच्या ठरावाला लेखी उत्तर द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शाळा व्यवस्थापन समित्या सक्षम करायला हव्यात, असं सरकारकडून वरचेवर सांगितलं जातं. अशाच एका समितीची मी अध्यक्ष होते. मुदत नुकतीच संपली. सातारा जिल्ह्याच्या पश्चिमेकडच्या डोंगरी भागात आमची वाडी आहे. जिल्हा परिषदेची पहिली ते चौथीची शाळा, पट सतरा. पुरुषमाणसं बहुतेक मुंबईला, कुणी माथाडीत, कुणी वॉचमन. त्यामुळं आमच्या समितीत बायका नुसत्या नावाला नव्हत्या, सगळं काम त्याच बघायच्या. मी शिवणकाम करते. माझी धाकटी मुलगी याच शाळेत तिसरीला आहे. शिक्षणाच्या धोरणावर मंत्री बोलतात, संघटना बोलतात, तज्ज्ञ लेख लिहितात. ज्यांची पोरं रोज या शाळांत जाऊन बसतात त्यांचं म्हणणं मात्र फारसं छापून येत नाही, म्हणून हे पत्र.

माझं मागणं एकच आहे. समिती ठराव करते, मुख्याध्यापक तो वर पाठवतात आणि पुढं त्याचं काय झालं हे आम्हाला कुणी सांगत नाही. समितीच्या प्रत्येक ठरावाला ठरलेल्या मुदतीत, कारण देऊन, लेखी उत्तर मिळालं पाहिजे.

शिक्षण हक्क कायदा २००९ चा, १ एप्रिल २०१० पासून लागू झालेला. त्याच्या कलम २१ प्रमाणं समितीत तीन चतुर्थांश पालक हवेत आणि निम्म्या महिला. शाळेच्या कामावर देखरेख ठेवायची, आलेल्या अनुदानाचा खर्च तपासायचा, ही कामं कायद्यानं आम्हाला दिली आहेत. कलम २२ म्हणतं की समितीनं शाळा विकास आराखडा करावा, आणि सरकारनं व स्थानिक प्राधिकरणानं योजना आणि अनुदान ठरवताना हाच आराखडा आधाराला घ्यावा. अध्यक्ष झाल्यावर मी हे वाचलं आणि खात्री करायला पुन्हा वाचलं, कारण तोवर आमच्याकडं आराखडा म्हणजे एक छापील नमुना होता. गुरुजींनी भरायचा, आम्ही सह्या करायच्या. आम्ही तो एकदा नीट बसून केला. मागच्या खोलीचा पत्रा गळतो, मुलींच्या स्वच्छतागृहात पाणी पोचत नाही, ओढ्याच्या बाजूला कठडा नाही, पहिलीच्या मुलांना वाचायला मोठ्या अक्षरांची पुस्तकं नाहीत. प्रत्येक गोष्टीपुढं अंदाजे खर्च लिहिला, गवंड्याला विचारून.

त्याचं उत्तर आलं नाही. आमच्याएवढ्या पटाच्या शाळेला संयुक्त शाळा अनुदान वर्षाला दहा हजार रुपये. खडू, रजिस्टरं, वीजबिल, साफसफाई, किरकोळ दुरुस्ती, सगळं त्यातच बसवायचं. पूर्वी ही रक्कम समितीच्या खात्यावर जमा व्हायची. आता खातं शून्य शिल्लकेचं, त्यात पैसे जमा होत नाहीत; किती खर्च करता येईल ती मर्यादा वरून येते, आणि आमच्याकडं ती आली तेव्हा मार्च तोंडावर आला होता. पत्रा गळतो तो जुलैत.

गणवेशाचं जरा सविस्तर सांगते, कारण ते माझ्या हातातलं काम आहे. २०२४-२५ च्या आधी कापड आणि शिलाई समितीकडं होती. दोन गणवेशांचे मिळून मुलामागं सहाशे रुपये. मी तेव्हा समितीत नव्हते, शिवणाऱ्यांपैकी होते. सहाशेत दोन जोड बसवायला ओढाताण व्हायची. पण कापड बाजारात जाऊन हातात घेऊन बघता यायचं, रंग जातो का ते विचारता यायचं. मापं घ्यायला पोरं घरी यायची. छाती, खांदा, उंची घ्यायची, आणि बाहीला व पँटच्या तळाला माया, म्हणजे शिवणीच्या आतलं जादा कापड, मुद्दाम जास्त सोडायची, कारण दिवाळीपर्यंत पोर वाढतं आणि पुढच्या वर्षी तेच कपडे धाकट्याच्या अंगावर जातात. पंधरा जूनला शाळा उघडली की बहुतेक मुलं नव्या कपड्यांत असायची.

मग 'एक राज्य, एक गणवेश' आलं. राज्यभरातल्या चाळीस लाखांहून जास्त मुलांसाठी कापडाची खरेदी वरून झाली आणि शिलाई महिला आर्थिक विकास महामंडळामार्फत बचत गटांकडं गेली. स्वातंत्र्यदिनाच्या झेंडावंदनाला आमची मुलं जुन्याच कपड्यांत उभी होती. गणवेश आले तेव्हा मापं इयत्तेप्रमाणं धरलेली. दुसरीतल्या एका थोराड मुलाला छातीवर बटण लागेना. चौथीतली एक मुलगी बारीक, तिच्या शर्टाचा खांदा दंडावर उतरलेला. आया माझ्याकडं घेऊन आल्या. मोठं असलेलं लहान करता येतं. लहान असलेलं मोठं करायला मी शिवण उसवली, तर आत सोडायला माया शिल्लकच नव्हती. तो शर्ट त्या मुलानं शेवटपर्यंत घातला नाही. दुसऱ्या गणवेशाचं, स्काउट-गाइडचं, नुसतं कापड पाठवलं आणि समितीनं शिवून घ्यावं असं सांगितलं. शिलाई शंभर रुपये. शंभर रुपयांत पूर्ण गणवेश आमच्या तालुक्यात कुणी शिवून देत नाही. आम्ही चौघींनी दोरा-बटणांच्या खर्चात तो शिवला, तेव्हा मुलांना मिळाला.

बचत गटातल्या बायकांना मी दोष देणार नाही. त्यांना कापड उशिरा मिळालं, आणि ज्या अंगावर तो कपडा जाणार ते त्यांनी कधी बघितलेलं नव्हतं. दोष आहे तो लाखो मुलांची मापं एका ठिकाणी बसून ठरवता येतात या समजुतीचा. डिसेंबर २०२४ मध्ये सरकारनं निर्णय बदलला आणि २०२५-२६ पासून गणवेश पुन्हा समित्यांकडं दिला. फार चांगलं झालं. पण आमच्या समितीनं आधीच, सप्टेंबरमध्ये, ठराव केला होता: मापं चुकली आहेत, कपडे बदलून द्या किंवा दुरुस्तीचे पैसे द्या. त्याला ना हो आलं, ना नाही.

पुढं जानेवारी २०२५ मध्ये पोषण आहाराचा निर्णय आला. २०२३ च्या नोव्हेंबरपासून मुलांना आठवड्यातून एकदा अंडं मिळू लागलं होतं. त्याचा वेगळा निधी थांबला. अंडा पुलाव आणि गोड पदार्थ द्यायचे असतील तर समितीनं लोकसहभागातून खर्च उभा करावा, असं सांगण्यात आलं. सतरा पोरांच्या वाडीत लोकसहभाग म्हणजे कोण? ज्यांच्या दारात चार कोंबड्या आहेत अशा बायका. अंडी विकून त्या घरातलं तेल-मीठ आणतात. कापडाचा निर्णय आमच्या हातून काढून घेताना आम्हाला विचारलं नव्हतं, आणि अंड्यांचा खर्च आमच्याकडं सरकवतानाही विचारलं नाही.

असे निर्णय आले आणि गेले, ते मोजायला बसलं तर पान भरेल. पाठ्यपुस्तकात वहीची कोरी पानं २०२३ मध्ये आली, २०२५ मध्ये बंद झाली. पहिलीपासून हिंदीचा निर्णय १६ एप्रिल २०२५ ला निघाला, १७ जूनला त्यात दुरुस्ती झाली आणि २९ जूनला दोन्ही शासन निर्णय रद्द झाले. भाषेच्या वादात मी इथं शिरत नाही. पण चार वर्ग सांभाळणाऱ्या एका शिक्षकानं तिसरी भाषा कोणत्या तासाला शिकवायची, एवढं जरी आमच्यासारख्या शाळेला आधी विचारलं असतं, तरी पुढचा बराच गोंधळ टळला असता.

शिक्षकांचा प्रश्न तर सगळ्यात जिव्हाळ्याचा. कायद्याच्या परिशिष्टात साफ लिहिलं आहे की पहिली ते पाचवीच्या शाळेत साठपर्यंत मुलं असतील तर दोन शिक्षक. आमच्याकडं कागदावर दोन आहेत. त्यातल्या बाईंना शेजारच्या केंद्रातल्या, म्हणजे शेजारच्या शाळागटातल्या, एका शाळेत तात्पुरत्या कामगिरीवर पाठवलं, कारण तिथली जागा रिकामी. राहिले गुरुजी एकटे. ते केंद्राच्या बैठकीला, प्रशिक्षणाला किंवा मतदार यादीच्या कामाला गेले की शाळा अंगणवाडीच्या ताईंच्या भरवशावर. ताईंना त्यांची स्वतःची लहानगी सांभाळायची असतात. बाईंना परत पाठवा, असा ठराव आम्ही केला. परत त्याच विषयाचा केला. मी स्वतः कार्यालयात गेले तेव्हा तोंडी उत्तर मिळालं, "वरून आदेश आहे." आदेशाची प्रत मागितली, ती मिळाली नाही. ज्या शाळेत बाई गेल्या तिथल्या मुलांनाही शिक्षक हवाच आहे, हे मला कळतं. पण आमच्या मुलांचा शिक्षक काढताना किती दिवसांसाठी काढला आणि का, हे दोन ओळींत लिहून द्यायला काय हरकत असावी?

या काळात दोन घरांनी मुलं काढून फाट्यावरून जाणाऱ्या इंग्रजी शाळेच्या गाडीत बसवली. मी त्यांना नावं ठेवत नाही. शिक्षक नसलेल्या शाळेत पोर ठेवायचं धाडस प्रत्येकाला होत नाही. पण पट तेवढा खाली आला, आणि संच मान्यता, म्हणजे शाळेला किती शिक्षक मंजूर ते, पटावर ठरते. पंधरा मार्च २०२४ च्या शासन निर्णयानं सहावी ते आठवीत वीसपेक्षा कमी मुलं असतील तर त्या वर्गांना एकही शिक्षक मंजूर होत नाही, अशी वेळ आली. सप्टेंबर २०२४ मध्ये कमी पटाच्या शाळांत दोनपैकी एक शिक्षक पंधरा हजार मानधनावर कंत्राटी घ्यायचा निर्णय निघाला. शिक्षक रस्त्यावर उतरले, मग त्यात बदल झाले. त्याआधी २०२३ च्या सप्टेंबरमध्ये वीसपर्यंत पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करायचे प्रस्ताव मागवले होते. नंदुरबारमधल्या तोरणमाळचं आणि पुण्याजवळच्या पानशेतचं उदाहरण दिलं गेलं. वीसपर्यंत पटाच्या शाळा तेव्हा राज्यात चौदा हजारांवर होत्या.

समूह शाळेला माझा सरसकट विरोध नाही. जिथं रस्ता बारमाही आहे, गाडी वेळेवर येते आणि पालकांना पटतं, तिथं दहा मुलांपेक्षा शंभर मुलांत शिकणं चांगलंच. आमच्याकडून मोठ्या गावची शाळा अडीच किलोमीटरवर, मध्ये ओढा. जुलै-ऑगस्टमध्ये ओढ्याला पाणी आलं की थोरली माणसंसुद्धा अलीकडंच थांबतात. राज्याच्या नियमात प्राथमिक शाळा एक किलोमीटरच्या आत असावी असं आहे, ते सहा वर्षांच्या पोराच्या पायाचा विचार करूनच. म्हणून शाळा हलवायची की नाही हे ठरवताना त्या कागदाला समितीचा ठराव जोडलेला असला पाहिजे, आणि तो डावलायचा असेल तर का डावलला हे लिहिलेलं असलं पाहिजे.

यावर अधिकारी म्हणतील की शाळांवर नियंत्रण आहे, रोजची माहिती येते. माहिती जाते हे खरं आहे. गुरुजींच्या मोबाइलवर मुलांची हजेरी, आहाराची हजेरी, यू-डायस या सरकारी नोंदीतली शाळेची माहिती, शिवाय दर आठवड्याला कुठल्या ना कुठल्या उपक्रमाचे फोटो. आमच्याकडं रेंज शाळेच्या मागच्या टेकाडावर मिळते. तास चालू असताना गुरुजी टेकाडावर उभे राहून फोटो चढवत असतात, हे आम्ही सगळ्यांनी पाहिलं आहे. त्या फोटोंवरून मुलांना वाचता येतं का हे कुणालाही कळत नाही. शिक्षक वरच्यांना उत्तर देऊन देऊन थकतो आणि समोर बसलेल्या मुलाच्या आईला उत्तर द्यायला त्याच्याकडं वेळ उरत नाही.

आम्ही आमच्यापुरती एक रीत सुरू केली. समितीच्या मासिक सभेत मुलांनी आमच्यासमोर वाचायचं. धडा पाठ असतो म्हणून वर्तमानपत्र द्यायचं, आणि फळ्यावर हातच्याची वजाबाकी, चौथीला भागाकार. गुरुजींना सुरुवातीला वाटलं की आम्ही त्यांची परीक्षा घेतोय. मी त्यांना सांगितलं, गुरुजी, मुलाला अडलं तर ते तुमच्याइतकंच आम्हालाही कळू दे, म्हणजे घरी बघता येईल. पहिल्याच सभेत चौथीतल्या तिघांना भागाकार येत नव्हता आणि दुसरीतली एक मुलगी जोडाक्षरापाशी थांबत होती. कुणी कुणाला रागावलं नाही. संध्याकाळी एका बारावी झालेल्या सुनेच्या ओटीवर ती चौघं बसायला लागली. पुढच्या काही सभांत भागाकार जमला. जोडाक्षरांना जास्त वेळ लागला. आता गुरुजी स्वतःच सभेच्या आधी यादी काढून ठेवतात, कोण कुठं मागं आहे त्याची. आमच्यातल्या निम्म्या बाया सातवीच्या पुढं शिकलेल्या नाहीत, पण पोरगं अडखळत वाचतंय की सरळ, हे त्यांना कानांनी समजतं.

समित्यांमधलं वाईटही मला माहीत आहे. पुष्कळ ठिकाणी समिती फक्त कागदावर असते. सभेचं इतिवृत्त आधी लिहून होतं आणि सह्या घरोघर फिरवून घेतल्या जातात. महिला सदस्याच्या जागी नवरा येऊन बसतो. अध्यक्षपद भावकीच्या भांडणात अडकतं. गणवेशाच्या खरेदीत कुठं कुठं दुकानदाराकडून टक्केवारी घेतली गेली, अशीही कुजबुज ऐकली आहे. यावर उपाय आहे तो पैशाचा हिशेब उघडा करण्याचा. खरेदीची पावती शाळेच्या फळ्याशेजारी लावायची आणि ग्रामसभेत वाचून दाखवायची. आम्ही ते केलं; एका आजोबांनी उठून कापडाचा मीटरचा भाव विचारला, आम्ही सांगितला, विषय संपला. आणि समित्या कागदावर राहतात याचं मोठं कारण असं की त्यांच्या शब्दानं काहीच हलत नाही. ठरावाला उत्तरच येणार नसेल तर रोजगार बुडवून सभेला कोण येईल?

सगळं गावाच्या हाती द्या, असंही मी म्हणत नाही. शिक्षकांची भरती पवित्र पोर्टलवरून गुणवत्तेनं होते, बदल्या संगणकावर होतात. पूर्वी त्यासाठी कुणाकुणाच्या दारात उभं राहावं लागायचं ते आमच्या गुरुजींनीच सांगितलं. हे राज्याकडंच राहावं. पगार, पाठ्यपुस्तकं, अभ्यासक्रम, हेही. गरीब वाडीला श्रीमंत गावाएवढंच मिळावं हे राज्यच बघू शकतं. लोकांनी चालवलेली शाळा आणि सरकारनं चालवलेली शाळा, आमच्या जिल्ह्याला दोन्हींची आठवण आहे. कर्मवीर अण्णांनी १९१९ मध्ये काले इथं रयत शिक्षण संस्था सुरू केली, पुढं गावोगाव व्हॉलंटरी शाळा काढल्या आणि लोकांनी घरातलं मूठमूठ धान्य देऊन त्या जगवल्या. माझे आजेसासरे तसल्याच एका शाळेत शिकले. पण मुठीच्या धान्यावर शाळा कायमची चालत नाही, तिला सरकारचा पैसा लागतो. १९६२ मध्ये जिल्हा परिषदा आल्या तेव्हा प्राथमिक शाळा त्यांच्याकडं दिल्या, त्यामागं विचार हाच होता की पैसा राज्याचा असला तरी जाब जवळच्या माणसाला विचारता यावा.

तो जवळचा माणूसच मधली काही वर्षं नव्हता. बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि त्यानंतर तीन वर्षांहून जास्त काळ प्रशासकाचा कारभार होता. निवडून आलेला सदस्य कसाही असला तरी बाजारात भेटतो, लग्नात भेटतो, त्याला अडवून विचारता येतं. शिक्षण समितीच्या सभेत आमच्या बाईंच्या कामगिरीचा प्रश्न त्यानं निदान मांडला तरी असता. राज्यघटनेच्या अकराव्या अनुसूचीत प्राथमिक आणि माध्यमिक शाळांसह शिक्षण हा पंचायतींचा विषय म्हणून लिहिला आहे. इतकी वर्षं ती जागा रिकामी राहिली आणि शाळांच्या बाबतीत कुणी त्याचा हिशेब मागितला नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

माझ्या मागणीला नवा कायदा लागत नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ३२ प्रमाणं मुलाच्या हक्काबद्दल कुणीही स्थानिक प्राधिकरणाकडं लेखी तक्रार करू शकतो आणि तिचा निर्णय तीन महिन्यांत द्यावा लागतो. शिक्षणमंत्र्यांनी एक शासन निर्णय काढावा. समितीचा ठराव पोचल्याची पोच त्याच दिवशी मिळावी. तीस दिवसांत कारणासह लेखी उत्तर यावं, आणि तोपर्यंत उत्तर आलं नाही तर तो ठराव आपोआप कलम ३२ खालची तक्रार धरला जावा. शिक्षक कामगिरीवर पाठवणं आणि शाळा हलवणं या दोन गोष्टी समितीचं म्हणणं नोंदवल्याशिवाय होऊ नयेत. आणि प्रत्येक पंचायत समितीच्या आवारात महिन्याच्या महिन्याला यादी लावावी: कोणत्या शाळेचा ठराव आला, कधी आला, काय उत्तर दिलं.

आपल्या वाचकांत समितीचे सदस्य असलेले पालक पुष्कळ असतील. त्यांनी आपल्या शाळेत जाऊन ठराववही मागावी, आणि गेल्या वर्षीच्या किती ठरावांना उत्तर आलं ते आपल्या वृत्तपत्राला कळवावं. आपण ते छापावं, ही विनंती.

आपली,
एक पालक, जिल्हा परिषद शाळा
(सातारा जिल्हा)